छत बदलायचे की दुरुस्त करायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेली बरीच पत्रे छताविषयी आहेत. कुणाचे छत पत्र्याचे, कुणाचे कौलांचे, कुणाचा स्लॅब. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात घालमेल एकच दिसते: ठेकेदार सांगतो ते खरे मानायचे की नाही? म्हणून ठेकेदार येण्याआधी आपले आपल्याला काय पाहता येते, याला उत्तरांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पत्र्याच्या छताला १२ वर्षे झाली. दोन ठिकाणी गळते. ठेकेदाराने दहा मिनिटांत पाहून सांगितले की सगळे पत्रे बदलावे लागतील. दोन जागांसाठी अख्खे छत बदलायचे?

उत्तर : गळायला लागले म्हणजे छत संपले असे नाही. पत्रा मधोमध क्वचितच गळतो. पाणी शिरते ते स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या सांध्यातून, पत्रा भिंतीला टेकतो तिथल्या फ्लॅशिंगमधून (सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीतून), नाहीतर तुंबलेल्या पन्हळीतून उलटे चढून. या सगळ्यांची दुरुस्ती होते. छत बदलायचे ते पत्र्याचे अंगच गेले असेल तेव्हा.

ते पाहायला आधी वर चढू नका, आत जा. भर दुपारी दारेखिडक्या लावा, दिवे बंद करा आणि खालून पत्र्याकडे पाहा. उजेडाचे ठिपके स्क्रूंच्या ओळीतच दिसले तर स्क्रूखालचे रबरी वॉशर गेले आहेत. ओळ सोडून, पत्र्याच्या मध्येच सुईच्या टोकाएवढे ठिपके विखुरलेले दिसले तर गंजाने पत्रा आरपार खाल्ला आहे. नंतर गंजाचा रंग पाहा. पांढरी पूड दिसत असेल तर जस्ताचा थर झिजतो आहे, पण आतले पोलाद अजून शाबूत आहे. तांबडा गंज दिसला की जस्त संपून पोलाद उघडे पडले. हा तांबडा गंज फक्त स्क्रूभोवती किंवा कापलेल्या कडेला असेल तर तेवढा भाग तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग देऊन पुष्कळ वर्षे काढता येतात. पण तो पत्राभर पसरला असेल आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक अंगठ्याच्या जोराने दाबल्यावर आत जात असेल, तर त्या पत्र्यावर सीलंट फासून फार तर एखादा पावसाळा निघेल. एका पाख्यावरच्या, म्हणजे छताच्या एका उतारावरच्या, दर चार पत्र्यांत एकाहून अधिक पत्रे असे निघाले, तर ते पाखे पूर्ण बदलावे असा आमचा ठोकताळा आहे. दुसरे पाखे चांगले असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. वारा-पावसाचा मारा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, त्यामुळे एक बाजू आधी जाणे अगदी नेहमीचे आहे.

आता तुमच्या दोन जागा. खाली जिथे डाग आहे त्याच्या बरोबर वर भोक असेल असे समजू नका. पाणी वर कुठेतरी शिरते, पर्लिनवरून (पत्र्याखालच्या आडव्या दांड्यावरून) घरंगळत जाते आणि पहिला अडथळा आला की खाली पडते. शोधायला दोन माणसे आणि पाण्याची नळी पुरते. कोरड्या दिवशी एकाने आत उभे राहावे आणि दुसऱ्याने वरून पाणी सोडावे. सुरुवात उताराच्या खालच्या टोकापासून करायची आणि एकेका पट्ट्यावर १० ते १५ मिनिटे पाणी सोडून वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि दोषी सांधा कळत नाही. वर जाणाऱ्याने पाय स्क्रूंच्या ओळीवरच ठेवावा, कारण पर्लिन तिथेच असते.

१२ वर्षांच्या छतात पहिला संशय वॉशरवर घ्या. त्यातले रबर उन्हाने कडक होते, चिरते आणि स्क्रूभोवती पाणी उतरते. त्यावर सीलंटचा गोळा बसवणे ही दुरुस्ती नव्हे. जुना स्क्रू काढून त्याच भोकात एक माप जाड, म्हणजे १२ नंबरचा असेल तर १४ नंबरचा, नव्या ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारे रबर) वॉशरसह बसवायचा. एका ओळीत चार-पाच वॉशर गेले असतील तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. पूर्ण पाख्याचे स्क्रू एकदमच बदलून घ्या.

प्रश्न : गोदामाला नवे पत्रे घालून वर्षही झाले नाही. पाऊस नसताना पहाटे आतून थेंब पडतात. ठेकेदार म्हणतो, गळती नाही. मग हे पाणी येते कुठून?

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे बरोबर असावे. आतली उबदार, दमट हवा वर जाते. रात्री गार पडलेल्या पत्र्याला ती लागली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. ओळखायची खूण अशी की गळती एका जागी असते आणि हे दव पत्र्याच्या खालच्या बाजूला सगळीकडे सारखे धरते. पत्र्यावरून बोट फिरवा, पूर्ण ओला लागेल. उपाय वरून नाही, आतून आहे. हवा खालून आत यावी आणि आढ्याजवळून बाहेर जावी अशी दोन्हीकडे वाट हवी. नुसता वर पंखा बसवून खालची वाट बंद ठेवली तर उपयोग नाही. तरीही थांबले नाही तर पत्र्याखाली उष्णतारोधक थर लागेल. त्याची वाफ अडवणारी, म्हणजे फॉइलची बाजू आतल्या उबदार हवेकडे हवी आणि तिचे जोड टेपने बंद केलेले हवेत.

प्रश्न : कौलारू घर आहे. दरवर्षी शाकारतो, दरवर्षी गळते. आता कौले उतरवून त्याच लाकडावर पत्रे घालावेत असे घरातल्यांचे मत आहे. चालेल का?

उत्तर : दरवर्षी का गळते, हे आधी पाहू. नीट भाजलेले कौल फार टिकते. आधी थकते ते त्याच्या खालचे लाकूड. रीप वाकली की कौल तिरके होते, शेजारच्या कौलाच्या खाचेत नीट बसत नाही आणि फटीतून पाणी येते. शाकारताना कौल सरळ केले जाते, रीप मात्र तशीच राहते. पुढच्या वर्षी तेच कौल पुन्हा सरकते.

म्हणून कौलांआधी लाकूड तपासा. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत ताणा आणि मधला झोल मोजा. तसेच चार-सहा वाशांना करा. जुन्या लाकडात थोडा झोल असायचाच, त्याने घाबरू नका. आकडा भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढता झोल धोक्याचा, स्थिर झोल नाही. मग वाशाचे भिंतीत गेलेले टोक पाहा. सडायची सुरुवात बहुधा तिथूनच होते, कारण भिंतीची ओल त्याला सतत मिळते. तिथे आणि वळचणीच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर खुपसा. अर्धा सेंटिमीटर सहज आत गेला तर ते टोक गेले. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. ती मारल्याशिवाय त्यावर कुठलेच छत घालू नका.

कौलांसाठी दोन चाचण्या. बोटाच्या पेराने ठोका: चांगले कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. आणि वेगवेगळ्या जागची पाच-सहा कोरडी कौले तोलून एक दिवस पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोचे कौल तीन किलोंच्या वर गेले, म्हणजे वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढले, तर ते सच्छिद्र झाले आहे. ते पाणी धरते, त्यावर शेवाळ वाढते आणि सतत ओली राहणारी रीप कुजते. बहुतेक कौले या चाचण्यांत उतरली तर रिपा बदला, कौले तीच ठेवा. यात खर्च कमी आणि घरही थंड राहते.

त्याच लाकडावर पत्रे घालायचेच असतील तर एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती ऐका. एका चौरस मीटरला सुमारे १५ मंगळुरी कौले लागतात. एकेक अडीच-तीन किलोचे धरले तर चौरस मीटरला ४० किलोंच्या आसपास वजन होते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याच जागेवर साडेचार-पाच किलोंचा असतो. कौलारू छत आपल्या वजनाने भिंतीवर बसलेले असते आणि कौलांच्या फटींतून हवाही निसटते. पत्र्याच्या छतात यातले काहीच नाही. जोराच्या वाऱ्यात ते वर उपसले जाते, आणि पत्रे वाशांना घट्ट बसवलेले असले तर वाशांसकट उचलले जाते. त्यामुळे वासे भिंतीवरच्या तुळईला पोलादी पट्ट्यांनी आणि तुळई भिंतीत खोलवर गाडलेल्या बोल्टांनी बांधलेली हवी. हे काम अंदाजपत्रकात नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरे आहे.

दुसरे, कौलांच्या रिपा साधारण ३२ सेंटिमीटरवर असतात आणि खाली-वर झाल्या तरी कौल सामावून घेते. पत्रा सरळ रेषेतच बसतो. वाकड्या रिपांवर दाबून बसवला तर स्क्रू तिरके जातात, सांधे उघडे राहतात आणि नवे छत पहिल्याच पावसात गळते. रिपा काढून वाशांवर पाचरी देऊन समपातळीत पर्लिन बसवा आणि त्यावर पत्रे घाला.

प्रश्न : तीन ठेकेदारांकडून भाव घेतले. तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्वांत कमी भाव घ्यावा की मधला?

उत्तर : कुठलाच नको, आत्ता तरी. तिघांनी तीन वेगळ्या छतांचे भाव दिले आहेत. ‘पत्रे बदलून देणे, मजुरीसह’ एवढ्याच ओळीवर भाव मागितला की असे होते. आधी काय हवे ते एका कागदावर तुम्ही लिहा, तो कागद तिघांना द्या आणि त्यावरच भाव मागा.

त्या कागदावर पहिली ओळ पत्र्याची. जाडी लिहिताना ती टीसीटी की बीएमटी, हे लिहाच. टीसीटी म्हणजे जस्ताचा थर आणि रंग धरून एकूण जाडी, बीएमटी म्हणजे नुसत्या पोलादाची. एकूण ०.५० मिलिमीटरच्या रंगीत पत्र्यात पोलाद साधारण ०.४२ ते ०.४५ मिलिमीटर असते. एकाने ०.५० टीसीटीचा आणि दुसऱ्याने ०.५० बीएमटीचा भाव दिला तर दुसरा महाग वाटणारच, पण पत्रा त्याचा जाड आहे. नंतर थराची प्रत. साध्या जस्ताच्या पत्र्यावर ती चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे १२०, १८० की २७५, अशी सांगतात. आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. ॲल्युमिनियम-जस्ताच्या थराला एझेड १५० सारखे नाव असते. समुद्र किंवा रसायनांचा कारखाना जवळ असेल तर इथे काटकसर करू नका.

पुढची ओळ सांध्यांची. वरच्या पत्र्याचे टोक खालच्यावर किमान १५ सेंटिमीटर, उतार कमी असेल तर २० ते ३० सेंटिमीटर आणि मध्ये सीलंटची पट्टी. बाजूचा जोड वाऱ्याकडे पाठ करून. स्क्रू, आढ्यावरचे कोन (आढे झाकणारी टोपी), भिंतीलगतचे फ्लॅशिंग, पन्हळीची रुंदी आणि ढाळ (दर मीटरला ३ ते ५ मिलिमीटर पुरतो) हे सगळे वेगळे लिहा. भाव कमी दिसतो तो बहुतेकदा याच गोष्टी गाळल्यामुळे. काम अर्ध्यावर आल्यावर ‘फ्लॅशिंगचे वेगळे होतील’ असे ऐकायला मिळते.

जुने पत्रे कोण उतरवणार, भंगार कुणाचे, परांची कोण बांधणार, छत उघडे असताना पाऊस आला तर ताडपत्री कुणाची, हेही आधीच ठरवा. आणि सर्वांत जास्त भांडणे जिथे होतात ते म्हणजे आतले कुजलेले लाकूड किंवा गंजलेले पर्लिन. पत्रे उचलल्याशिवाय ते किती आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून त्याचा दर मीटरप्रमाणे आधीच लिहून घ्या. ‘बदलण्याआधी मालकाला दाखवायचे आणि फोटो काढायचा’ ही अटही घाला.

हे झाले की भाव बरेच जवळ येतील. मग माणूस निवडायचा. नव्या कामाचे फोटो पाहू नका, नवे छत कुणाचेही चांगले दिसते. किमान तीन पावसाळे काढलेली त्याची दोन कामे पाहायला मागा आणि तिथल्या मालकाला एकच विचारा: गळल्यावर बोलावले तेव्हा आला का? वर प्रत्यक्ष कोण चढणार, त्याची माणसे की दुसऱ्याला दिलेले काम, हे विचारा. माणसे कमरेला नव्हे तर अंगभर पट्टा बांधून, भक्कम जागी अडकवलेल्या दोरासह काम करतात का आणि त्यांचा विमा आहे का, हे पाहा. मजूर पडला तर नुकसान एका कुटुंबाचे होते. ही चौकशी भावाइतकीच मोलाची आहे.

जो स्वतः वर न चढता, आतून न पाहता छत बदला म्हणतो, आजच ठरवले तरच हा भाव असे सांगतो किंवा सगळे पैसे आधी मागतो, त्याला नम्रपणे नकार द्या. आगाऊ रक्कम मालापुरतीच. जमले तर माल पोचल्यावर, मोजून, पैसे थेट माल पुरवणाऱ्याला द्या. मजुरी टप्प्याने द्या आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. हे करारात असेल तर चांगला ठेकेदार वाद घालत नाही.

प्रश्न : घर जमिनीवर १००० चौरस फूट आहे. ठेकेदाराने छताचे बिल १४७४ चौरस फुटांचे लावले. ही फसवणूक नाही का?

उत्तर : बहुधा नाही. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद घर धरू. वळचण चारही बाजूंना २ फूट बाहेर आली की ४४ गुणिले २९, म्हणजे १२७६ झाले. उतार ३० अंशांचा असेल तर त्याला १.१५५ ने गुणायचे: सुमारे १४७४. उतार २० अंश असेल तर गुणक १.०६४, ४५ असेल तर १.४१४.

मात्र बिल बसवलेल्या क्षेत्रफळावर आहे की आणलेल्या पत्र्यांच्या क्षेत्रफळावर, हे विचारा. १०७० मिलिमीटर रुंदीचा पत्रा जोडात चढल्यावर साधारण १००० मिलिमीटरच झाकतो, शिवाय टोकाचे जोड. दोन मोजमापांत १० टक्क्यांपर्यंत फरक सहज पडतो. दोन्ही पद्धती चालतात, पण करारात एकच हवी.

प्रश्न : गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतले, तरी खोलीत छताचा गिलावा पडतो आणि आता सळया दिसू लागल्या आहेत. ठेकेदार म्हणतो, वरून आणखी एक जाड थर टाकू.

उत्तर : त्याला थांबवा. आणि आजच त्या भागाखाली बसणे-झोपणे बंद करा, पलंग हलवा.

सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटचे कवच फोडतो. कवच फुटले की हवा-पाणी थेट सळईला लागते आणि गंज वेगाने वाढतो. वरून पाणी थांबवणे आवश्यकच आहे, पण झालेला गंज त्याने जात नाही. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर जाड कोबा चौरस मीटरला २०० किलोंच्या जवळ भरतो. थकलेल्या स्लॅबवर आधीच असा एक थर असताना दुसरा चढवणे धोक्याचे आहे. त्याच कारणाने अशा स्लॅबवर पाणी साठवून चाचणीही घेऊ नका. ५ सेंटिमीटर पाण्याचेच चौरस मीटरला ५० किलो होतात.

स्लॅब दुरुस्त होईल की पाडावा लागेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे. तो ठेकेदाराचा माणूस नसावा. तो येईपर्यंत तुम्ही एवढे पाहू शकता. एका काठीला लहान हातोडी बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून, उघड्या भागापासून दूरचे छत हलके ठोका आणि बद्द वाजेल तिथे खडूने रेघ ओढा. पडलेला भाग हातभर दिसतो, पण बद्द वाजणारा अनेकदा अर्धी खोली निघतो. सळईची जाडी इंजिनिअर गंज घासून कॅलिपरने मोजेल. १० मिलिमीटरची सळई ८.५ राहिली असेल तर तिची ताकद देणारे क्षेत्रफळ सुमारे २८ टक्के गेले. दिसायला ती ठीकच वाटते, म्हणून मोजणे महत्त्वाचे.

दुरुस्ती शक्य असेल तर तिचा क्रम ठरलेला आहे. टेकू लावायचे. बद्द काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटर जाईपर्यंत काढायचे, नुसते समोरून खरवडून थांबायचे नाही. गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, बारीक झालेल्या सळईशेजारी नवी सळई जोडायची, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) किंवा मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचे, पातळ ओतता येणारे काँक्रीट) भरायचे आणि ते ओले ठेवायचे. घाई होते ती घासण्यात. अर्धवट गंजावर लेप दिला तर तोच पापुद्रा पुन्हा सुटतो. त्या टप्प्यावर स्वतः पाहिल्याशिवाय पुढचे काम करू देऊ नका. वरचे काम यानंतर: जुना पोकळ थर काढून वजन कमी करायचे, पाणी निघायच्या तोंडाकडे ढाळ द्यायचा, भिंत आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यांत वाटा (गोलसर भराव) करायच्या, मग वॉटरप्रूफिंग.

प्रश्न : जुने सिमेंटचे पत्रे काढून लोखंडी घालायचे आहेत. दोन मजूर एका दिवसात फोडून काढतो म्हणतात.

उत्तर : फोडू देऊ नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असतो तोवर तंतू त्यात अडकून राहतात. तो फोडला, कापला, घासला किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतला की ते हवेत उडतात, आणि श्वासातून गेलेले तंतू वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग करू शकतात. साधा रुमाल त्यांना अडवत नाही. पत्रे ओले करून, बोल्ट कापून, अखंड उतरवायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि स्थानिक प्रशासन सांगेल तिथेच टाकायचे. जमिनीवर सांडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. हे काम शिकलेल्या माणसालाच द्या.

आणखी एक: हे पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. वरून भक्कम दिसतात आणि पाय पडताच फुटतात. वर जायचेच असेल तर दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा लांब फळ्या हव्यात. जुन्या पत्र्यांवरच नवा पत्रा ठोकून टाकायचा सल्लाही घेऊ नका. छिद्रे पाडताना तीच धूळ उडते आणि वजन वाढते ते वेगळे.

प्रश्न : काम सुरू झाले आहे. रोज काय पाहावे आणि शेवटचे पैसे कधी द्यावेत?

उत्तर : पहिल्या दिवशी माल. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने तीन-चार जागी मोजा, मापे करारातल्या आकड्याशी ताडून पाहा. पत्रे एकमेकांवर ओले रचून ठेवले तर वापरण्याआधीच मधल्या फटीत पांढरा गंज धरतो. रास जमिनीपासून उंच, एका बाजूला कलती आणि झाकलेली हवी.

मग कापण्याचे हत्यार. ग्राइंडरने कापला तर ठिणग्यांनी कडेचा थर जळतो आणि त्या जागी दोन-तीन वर्षांत तांबडी रेघ येते. कात्री किंवा निबलर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारे हत्यार) वापरायला सांगा. छिद्रे पाडताना पडणारा लोखंडी कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूने काढायला हवा. तो एक पाऊस पत्र्यावर राहिला की सगळीकडे गंजाचे ठिपके उमटतात.

स्क्रूंकडे जवळून पाहा. नीट बसलेल्या स्क्रूचा वॉशर धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत सारखा दाबलेला दिसतो. रबर कडेबाहेर फुगून आले असेल तर जास्त आवळला, आणि ते चिरणार. चकती बोटाने फिरत असेल तर सैल. एका बाजूलाच टेकली असेल तर स्क्रू तिरका गेला. पत्र्याच्या कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ स्क्रू दाट हवेत, कारण वाऱ्याचा उपसा तिथेच सर्वांत जास्त असतो. चुकून पडलेले भोक सीलंटने बुजवून पुढे जाऊ देऊ नका, त्यात जाड स्क्रू वॉशरसह बसवून घ्या.

भिंतीलगतचे फ्लॅशिंग भिंतीला नुसते चिकटवलेले नसावे. भिंतीत खाच घेऊन त्याची वरची कड आत घुसलेली असावी. उघड्या पत्र्यावर ओले सिमेंट थापलेले दिसले तर काढायला लावा, सिमेंटमधला चुना जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो.

हमीपत्रात दोन हम्या वेगळ्या वाचा. पत्रा बनवणाऱ्याची हमी रंगाची आणि थराची असते, गळतीची नसते. बसवणीची हमी ठेकेदाराची. तीत किती वर्षे, कळवल्यापासून किती दिवसांत येणार आणि आत भिजलेले सामान धरले आहे की नाही, हे लिहून घ्या.

राखून ठेवलेली रक्कम द्यायची तर जोराच्या पावसात किंवा नळीने अर्धा तास पाणी सोडल्यावर टॉर्च घेऊन आत फिरा. प्रत्येक सांध्याच्या खाली, आढ्याखाली आणि भिंतीच्या कडेला कोरडे बोट लावून पाहा. पन्हळीत बादलीभर पाणी ओता. पाणी निघून गेल्यावर तळाशी डबके उरले तर ढाळ चुकला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत ती रक्कम तुमच्याकडेच ठेवा.